तापाचे दिवस मोजा : बालकांमधील कावासाकी आजाराची ओळख

लहान मूल आजारी पडले की घरातील वडीलधारी माणसे त्या आजाराला लागलीच एखादे नाव देतात. डोळे लाल दिसले तर ‘डोळे आले’, जीभ व ओठ लालबुंद झाले तर ‘तोंड आले’, अंगावर पुरळ उठला तर ‘गोवर आला’ आणि मानेला गाठ लागली तर ‘घसा सुजला’. प्रत्येक दुखण्यावर ठरलेला उपायही असतो. डोळ्यांत थेंब, तोंडाला तूप किंवा मध, पुरळासाठी कडुलिंबाचा पाला आणि गाठीवर लेप. बहुतेक वेळा ही दुखणी खरोखरच निरनिराळी असतात व चार-सहा दिवसांत ओसरतात. परंतु बालकांचा एक आजार असा आहे, की त्यात ही सारी ‘आलेली’ दुखणी एकाच मुळातून निघालेली असतात. त्यांना वेगवेगळी नावे दिली गेली की मूळ आजार निसटतो, आणि तो निसटला तर बालकाच्या हृदयावर जन्मभराचा आघात होण्याचा संभव असतो. या आजाराचे नाव ‘कावासाकी आजार’ असे आहे.

हा आजार विरळा आहे. परंतु तो ओळखण्यास फार मोठी यंत्रसामग्री लागते असे नाही. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला आणि त्यानंतर कोणत्या दिवशी कोणते लक्षण दिसले, याची बिनचूक माहिती हेच त्याच्या निदानाचे प्रमुख साधन होय. ही माहिती डॉक्टरांपाशी नसते. ती असते मुलाच्या आईपाशी, आजीपाशी, अंगणवाडी सेविकेपाशी आणि कित्येकदा बालवाडीच्या शिक्षिकेपाशी. म्हणूनच या आजाराचा परिचय केवळ वैद्यकीय वर्तुळापुरता न राहता घरोघरी व शाळाशाळांतून होणे अगत्याचे आहे.

आजाराचे स्वरूप

कावासाकी आजार हा शरीरातील मध्यम आकाराच्या रोहिण्यांना, म्हणजे शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नलिकांना, सूज आणणारा आजार आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या अज्ञात कारणाने चेतविली जाते आणि जंतूंशी लढण्याऐवजी स्वतःच्याच रक्तवाहिन्यांच्या भित्तिका पोखरू लागते. या आजारात सर्वांत मोठा धोका असतो तो हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिणींना. दाहामुळे त्यांची भिंत दुर्बल होते आणि ठिकठिकाणी फुगवटे निर्माण होतात. अशा फुगवट्यात रक्त संथ वाहते, गोठते आणि एखादे वेळी रोहिणी बंद पडते. वृद्धांना येतो तसा हृदयविकाराचा झटका दोन-तीन वर्षांच्या बालकास येऊ शकतो, तो या कारणाने.

या आजाराने पीडित झालेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले पाच वर्षांखालील असतात. मुलींपेक्षा मुलग्यांत तो काहीसा अधिक आढळतो. तो एका मुलापासून दुसऱ्या मुलास लागत नाही; म्हणून आजारी मुलास वेगळे ठेवण्याचे कारण नाही. आईवडिलांचा आहार, निष्काळजीपणा किंवा घरातील अस्वच्छता यांमुळे तो होतो, असे मानण्यासही आधार नाही. त्याचे मूळ कारण शास्त्रज्ञांना अद्याप उलगडलेले नाही. पण कारण ठाऊक नसले तरी उपाय ठाऊक आहे, आणि तो वेळेवर झाल्यास अत्यंत गुणकारी ठरतो.

शोधाची हकीकत

जपानमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकु कावासाकी हे टोकियो येथील रेडक्रॉसच्या रुग्णालयात काम करीत होते. १९६१ च्या जानेवारीत त्यांच्याकडे सव्वाचार वर्षांचा एक मुलगा आला. त्यास अनेक दिवसांचा तीव्र ताप होता, डोळे लाल होते, ओठ फुटले होते, अंगावर पुरळ होता, मानेत गाठ होती आणि हातापायांना सूज होती. ज्ञात असलेल्या कोणत्याही आजाराच्या वर्णनात हे चित्र बसत नव्हते. मुलगा बरा होऊन घरी गेला. निदान मात्र झाले नाही. दुसऱ्या कोणी ही गोष्ट विसरून गेले असते. डॉ. कावासाकी यांनी ती ध्यानात ठेवली. पुढील वर्षी तशाच लक्षणांचे दुसरे मूल त्यांनी पाहिले, तेव्हा हा योगायोग नसून एक स्वतंत्र आजार असावा, अशी त्यांची खात्री होऊ लागली.

त्यानंतर त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या लक्षणांची तपशीलवार नोंद ठेवली. १९६७ साली अशा ५० बालकांचे वर्णन त्यांनी जपानी भाषेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. हा नवा आजार आहे, हे मानण्यास सर्वजण लगेच राजी झाले नाहीत. तो निरुपद्रवी असून आपोआप बरा होतो, असाही प्रारंभी समज होता. परंतु पुढे जपानभर पाहणी झाली, मृत बालकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष पुढे आले आणि हृद्‌रोहिणीत रक्त गोठल्याने काही बालके अकस्मात दगावल्याचे स्पष्ट झाले. १९७४ साली डॉ. कावासाकी यांचा लेख इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास हवाई बेटांवरील होनोलुलू येथे डॉ. मॅरियन मेलिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच बालकांचे स्वतंत्रपणे निरीक्षण केले होते. तेव्हा हा आजार केवळ जपानपुरता नाही, हेही उमगले. डॉ. कावासाकी यांचे ५ जून २०२० रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले.

भारतात या आजाराच्या रुग्णाची नोंद १९७७ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली. त्यानंतर चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेने या आजाराचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील नोंदीनुसार चंदीगडमध्ये १५ वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे या आजाराचे प्रमाण १९९४ साली ०.५१ होते, ते २००७ साली ४.५४ झाले. या वाढीचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरता येत नाही. डॉक्टरांची नजर सरावली, की पूर्वी निसटणारे रुग्णही ओळखले जाऊ लागतात. ज्या प्रदेशात ‘आमच्याकडे हा आजार नाही’ असे म्हटले जाते, तेथे तो खरोखरच नाही, की त्याला कोणी ओळखत नाही, हे आधी तपासले पाहिजे.

पाच खुणा

या आजाराचे निदान करणारी एकही निर्णायक रक्तचाचणी आजमितीस उपलब्ध नाही. त्यामुळे निदानाचा मुख्य भार लक्षणांवरच असतो. पहिली व अपरिहार्य अट म्हणजे ताप. तो बहुधा १०२ ते १०४ अंशांपर्यंत चढतो, तापाच्या औषधाने काही तास उतरतो व पुन्हा चढतो. असा ताप पाच दिवस वा अधिक टिकला आणि त्याच्या जोडीला पुढील पाच खुणांपैकी चार आढळल्या, तर डॉक्टर कावासाकी आजाराचे निदान करतात. चारही खुणा स्पष्ट असल्यास अनुभवी तज्ज्ञ चौथ्या दिवशीही निदान करू शकतात.

पहिली खूण डोळ्यांची. दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग लाल होतो, परंतु त्यांतून चिपडे वा पू येत नाही. सकाळी पापण्या चिकटलेल्या नसतात. बुबुळाभोवती एक अरुंद पांढरे कडे पुष्कळदा शिल्लक राहते.

दुसरी खूण तोंडाची. ओठ लालभडक, कोरडे व भेगाळलेले होतात. त्यांतून कधी रक्तही येते. जीभ लाल होऊन तिच्यावरील बारीक दाणे उठून दिसतात व ती स्ट्रॉबेरीच्या फळासारखी भासते. घशाचा अंतर्भागही लाल होतो. तोंडात फोड किंवा व्रण मात्र सहसा नसतात.

तिसरी खूण पुरळाची. तो छाती, पोट, पाठ व हातपायांवर उठतो. त्याचे स्वरूप ठराविक नसते. कधी गोवरासारखा, कधी गांधीसारखा तर कधी नुसता लालसर. पाण्याने भरलेले फोड मात्र नसतात. जांघेत व लंगोटाच्या जागी तो अधिक गडद असतो आणि तेथील कातडी लवकर सुटू लागते.

चौथी खूण हातापायांची. तळहात व तळपाय लाल होतात, त्यांवर टणक सूज येते. मूल उभे राहण्यास वा खेळणे हाती धरण्यास नकार देते. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नखांच्या कडेपासून बोटांची कातडी पापुद्र्यासारखी सुटू लागते.

पाचवी खूण मानेतील गाठीची. ती बहुधा एकाच बाजूस असते व दीड सेंटिमीटरहून मोठी असते. पाच खुणांपैकी ही सर्वांत कमी वेळा आढळते.

याखेरीज आणखी दोन गोष्टींकडे लक्ष देणे हितावह ठरते. एक म्हणजे बालकाचा स्वभाव. या आजारात मूल कमालीचे चिडचिडे होते. कुशीत घेतले तरी शांत होत नाही, हात लावला तरी रडते. ‘हे नेहमीचे रडणे नव्हे’ असे आई म्हणते, तेव्हा ते म्हणणे गांभीर्याने ऐकले पाहिजे. दुसरी गोष्ट बी. सी. जी. लसीच्या खुणेची. आपल्या देशात जन्मतःच ही लस दिली जाते व दंडावर तिचा व्रण राहतो. कावासाकी आजारात काही तान्ह्या मुलांच्या दंडावरील हा जुना व्रण पुन्हा लाल होतो व सुजतो. ही खूण सर्वांत आढळत नाही. परंतु तापाच्या बालकात ती आढळली तर ती फार बोलकी असते.

खुणा एकाच दिवशी का दिसत नाहीत

या आजाराचे निदान अवघड होते, ते या खुणा दुर्मीळ आहेत म्हणून नव्हे, तर त्या एकाच वेळी उभ्या राहत नाहीत म्हणून. एक येते, दुसरी जाते. हे समजण्यासाठी उदाहरणादाखल दोन वर्षांच्या एका बालकाची कल्पना करावी.

सोमवारी त्यास ताप येतो. हा पहिला दिवस. मंगळवारी ताप १०३ अंश असतो. घरातील तापाचे औषध दिले जाते. बुधवारी मानेला गाठ जाणवते. जवळचे डॉक्टर घसा सुजल्याचे सांगून जंतुनाशक औषध देतात. गुरुवारी पोटावर व पाठीवर पुरळ उठतो, डोळे लाल होतात. शेजारीण म्हणते, ‘गोवर दिसतो.’ गोवरात औषध करू नये, ही जुनी समजूत पुढे येते आणि औषध थांबते. शुक्रवारी, पाचव्या दिवशी, पुरळ फिकट होतो, घरच्यांना हायसे वाटते. पण ताप तसाच असतो. शनिवारी डोळ्यांची लाली ओसरते. ओठ मात्र फुटलेले असतात आणि हातपाय सुजतात. रविवारी, सातव्या दिवशी, बालकास तालुक्याच्या गावी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले जाते.

या डॉक्टरांना त्या क्षणी काय दिसते? ताप, फुटलेले ओठ आणि सुजलेले हातपाय. पाचपैकी केवळ दोन खुणा. आईने ‘सहा-सात दिवस ताप आहे’ एवढेच सांगितले, तर निदान होणे कठीण. परंतु तिने जर सांगितले, की बुधवारी गाठ होती, गुरुवारी पुरळ व लाल डोळे होते, तर त्याच बालकात पाचही खुणा पूर्ण होतात. बालक तेच, डॉक्टर तेच, दिवसही तोच. फरक फक्त सांगण्यातला. निदानासाठी सर्व खुणा एकाच वेळी समोर दिसण्याची आवश्यकता नसते. त्या तापाच्या काळात केव्हा तरी दिसून गेल्या असल्या तरी पुरे होते. म्हणूनच भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटीत पेन्सिलीने ‘ताप १०३’, ‘डोळे लाल’, ‘पुरळ’ असे दोन शब्द लिहून ठेवणे, हे एखाद्या महागड्या तपासणीइतकेच मोलाचे ठरते. घरात भ्रमणध्वनी असल्यास पुरळाचे व डोळ्यांचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे.

कशाकशाशी गल्लत होते

गोवरात खोकला व नाक वाहणे ठळक असते, डोळ्यांना पाणी व चिपडे येतात, आणि पुरळ कानामागून व चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरतो. कावासाकी आजारात पुरळाचा असा क्रम नसतो. तरीही ताप व पुरळ असलेल्या प्रत्येक बालकाची आरोग्य केंद्रास खबर देणे आवश्यकच आहे. कारण गोवर असल्यास तोही गंभीर व सांसर्गिक रोग आहे. ‘गोवरात औषध नको’ ही समजूत दोन्ही आजारांत घातक ठरते.

लोहितांग ज्वरात जीभ तशीच लाल दिसते, परंतु डोळे सहसा लाल होत नाहीत आणि योग्य जंतुनाशक औषधाने एक-दोन दिवसांत उतार पडतो. डेंग्यूच्या तापात रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात; कावासाकी आजारात दुसऱ्या आठवड्यात त्यांची संख्या साधारणतः वाढते. गोचिडी व सूक्ष्म किडींच्या चाव्यातून होणाऱ्या तापांतही पुरळ येतो. तेथे अंगावर चाव्याची काळी खपली शोधावी लागते. औषधाच्या वावड्यानेही पुरळ उठतो व ओठ सोलतात. त्यामुळे जंतुनाशक औषध घेत असताना उठलेला पुरळ ‘औषध बाधले’ म्हणून सोडून दिला जातो. अशा वेळी औषध सुरू होण्यापूर्वी ताप किती दिवस होता, हे विचारल्यास उलगडा होतो. २०२० सालापासून कोविडच्या संसर्गानंतर काही मुलांमध्ये जो दाहयुक्त आजार आढळला, त्याचीही लक्षणे कावासाकी आजाराशी मिळतीजुळती होती. मात्र ती मुले बहुधा वयाने मोठी असत.

आणखी एक फसवी जागा लघवीच्या तपासणीची. या आजारात लघवीत पूपेशी आढळू शकतात, पण जंतू आढळत नाहीत. ‘लघवीचा जंतुसंसर्ग’ असे समजून उपचार चालू राहतात आणि मोलाचे दिवस निघून जातात. योग्य जंतुनाशक औषध देऊनही दोन-तीन दिवसांत ताप हटत नसेल, तर प्रथम ठरविलेले निदान पुन्हा तपासून पाहावे, हा नियम येथे उपकारक ठरतो.

अपुरे चित्र आणि तान्ही मुले

काही बालकांत चार खुणा कधीच पुऱ्या होत नाहीत. दोन किंवा तीनच दिसतात. यास अपूर्ण कावासाकी आजार म्हणतात. अपूर्ण याचा अर्थ सौम्य असा नव्हे. सहा महिन्यांखालील बालकांत चित्र बहुधा असे अपुरेच असते, आणि हृद्‌रोहिणींना धोका मात्र त्यांनाच अधिक असतो. म्हणून पाच दिवस ताप व दोन-तीन खुणा असलेले मूल, तसेच दुसरे कारण न सापडता सात दिवस ताप असलेले तान्हे मूल, यांचा कावासाकी आजाराच्या दृष्टीने विचार झालाच पाहिजे.

अशा प्रसंगी रक्ताच्या साध्या तपासण्या साहाय्यभूत होतात. दाह दर्शविणाऱ्या सी. आर. पी. व ई. एस. आर. या चाचण्यांचे आकडे वाढलेले असतात. पांढऱ्या पेशी वाढतात, रक्तद्रव्य व अल्ब्युमिन कमी होते, यकृताच्या चाचणीत बदल दिसतो. यांपैकी एकही गोष्ट एकटी निर्णायक नाही. परंतु त्या एकत्र आल्या की संशय बळावतो. यानंतर हृदयाची इको तपासणी करावी लागते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने केली जाणारी ही तपासणी वेदनारहित असून तीत हृद्‌रोहिणींची रुंदी मोजता येते. आजाराच्या पहिल्या आठवड्यात ही तपासणी निर्दोष येऊ शकते. तेवढ्यावरून आजार नाही असा निष्कर्ष काढू नये, किंवा लक्षणे स्पष्ट असताना तिच्यासाठी उपचारही खोळंबून ठेवू नयेत.

दहाव्या दिवसाची मर्यादा

१९८४ साली जपानमधील डॉक्टरांनी इम्युनोग्लोब्युलिन हे औषध शिरेवाटे दिल्यास हृद्‌रोहिणींचे रक्षण होते, असे दाखवून दिले. १९८६ साली अमेरिकेतील अभ्यासाने त्यास पुष्टी मिळाली, आणि १९९१ साली एकाच मोठ्या मात्रेची पद्धत अधिक परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून तयार केले जाते. बालकाच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे २ ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे १२ किलो वजनाच्या बालकास २४ ग्रॅम, ते सुमारे १० ते १२ तासांत सलाईनप्रमाणे दिले जाते. त्यासोबत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ॲस्पिरिन देतात.

हा उपचार ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत होणे इष्ट असते. उपचार न झालेल्या बालकांपैकी सुमारे चौथा हिस्सा बालकांच्या हृद्‌रोहिणींत दोष निर्माण होतो; वेळेवर उपचार झाल्यास हे प्रमाण शेकडा चार-पाचपर्यंत खाली येते. पाचव्या दिवशी ओळख व दहाव्या दिवसाआत उपचार, एवढ्या अवधीत हा सारा फरक पडतो. सुमारे दहा ते वीस टक्के बालकांत पहिल्या मात्रेनंतर ताप पुन्हा येतो वा टिकतो. त्यांना पुढील उपचार द्यावा लागतो.

या आजाराची सर्वांत फसवी गोष्ट अशी, की उपचार न करताही ताप दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. मूल खेळू लागते, घरचे नवस फेडतात आणि बोटांची कातडी सुटते, तीही ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणून दुर्लक्षिली जाते. हृद्‌रोहिणीतील फुगवटे मात्र याच सुमारास आकार घेत असतात. दीर्घ तापानंतर बोटांची कातडी सुटत असलेले बालक बरे दिसत असले तरी बालरोगतज्ज्ञांना दाखविलेच पाहिजे. दहा दिवस उलटले म्हणून काहीच करण्याजोगे उरत नाही, असे समजू नये. ताप वा दाह शिल्लक असल्यास तेव्हाही औषध दिले जाते आणि इको तपासणी तर सर्वांनाच आवश्यक असते.

बरे झाल्यानंतर

उपचारानंतर एक ते दोन आठवड्यांनी व पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी इको तपासणी केली जाते. हृद्‌रोहिणी निर्दोष आढळल्यास बालक इतर मुलांप्रमाणेच वाढते, शाळेत जाते, खेळते. फुगवटे असल्यास मात्र दीर्घकाळ औषधे व नियमित तपासणी लागते. ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस द्यावे. एरवी कोणत्याही तापात लहान मुलांना ते घरच्या घरी कधीही देऊ नये. औषध चालू असताना कांजिण्या वा फ्लू झाल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर गोवर-रुबेला व कांजिण्यांची लस सुमारे अकरा महिने पुढे ढकलावी लागते. म्हणून लसीकरणाच्या कार्डावर या उपचाराची तारीख ठळक अक्षरांत लिहून घ्यावी.

कोणी काय करावे

पालकांनी तापाचा पहिला दिवस लिहून ठेवावा. औषधाने चार तास ताप उतरला म्हणजे ताप गेला, असे समजून मोजणी थांबवू नये. पाचव्या दिवशीही ताप असेल, तर ‘आणखी दोन दिवस पाहू’ असे न म्हणता बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे. जाताना आधी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, बाटल्या व लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. तत्पूर्वीही मूल निपचित पडले, दूध पिईनासे झाले, श्वास जड लागला किंवा झटके आले, तर पाचव्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. तत्क्षणी रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बालकाचा ताप पहिल्याच दिवशी दाखवावा.

अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी घरभेटीत तापाचे मूल आढळल्यास तीन प्रश्न विचारावेत. ताप कोणत्या वारी सुरू झाला? त्यानंतर डोळे, ओठ, अंग, हातपाय व मान यांत केव्हा काय दिसले? दंडावरची लसीची खूण लाल आहे काय? मिळालेली उत्तरे चिठ्ठीवर लिहून ती आईच्या हाती द्यावी.

बालवाडी व प्राथमिक शाळांतील शिक्षकांनी आठवडाभर गैरहजर राहून परतलेल्या मुलाची प्रेमाने विचारपूस करावी. त्याच्या बोटांची कातडी सुटत असल्यास पालकांना बोलावून तापाविषयी विचारावे. या आजारातून उठलेल्या मुलास इतरांनी टाळू नये, हे वर्गात समजावून सांगावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या मुलास धक्काबुक्कीच्या खेळांपासून जपावे; अन्यथा त्यास उगाच कोपऱ्यात बसवून ठेवू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अधिकाऱ्यांनी रुग्णास पुढे पाठविताना चिठ्ठीवर ‘ताप व पुरळ’ एवढेच न लिहिता तापाचा कितवा दिवस, दिसून गेलेल्या खुणा व दिलेली औषधे यांची नोंद करावी. इम्युनोग्लोब्युलिन हे महाग औषध आहे. गरीब कुटुंबास ते मिळवून देण्यासाठी शासकीय रुग्णालयातील व्यवस्था व उपलब्ध साहाय्य योजना यांची माहिती त्याच दिवशी दिली गेली पाहिजे; कागदपत्रांच्या फेऱ्यांत दहावा दिवस उलटू देणे परवडणारे नाही.

ताप आलेल्या शेकडो बालकांपैकी एखाद्यासच हा आजार असेल, बहुधा तेवढाही नसेल. म्हणून प्रत्येक तापात भयभीत होण्याचे कारण नाही. पण ज्या एका बालकाच्या वाट्याला तो येतो, त्याचे हृदय वाचविण्यासाठी लागणारी पहिली गोष्ट प्रत्येक घरात आहे. ती म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका आणि तिच्यावर तापाच्या पहिल्या दिवशी ओढलेली एक रेघ.